चुकलेल्या वेळेची चाळीस वर्षं

संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारं घड्याळ चुकलं की बहुतेक जण एकच करतात. त्यावर क्लिक करायचं, मनगटावर किंवा मोबाइलवर बघून वेळ लावायची आणि कामाला लागायचं. दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या आठवड्यात घड्याळ पुन्हा चुकलेलं असतं. घराघरांत आणि कचेऱ्यांत हा प्रकार चाळीस वर्षं चालू आहे. मात्र एवढ्या काळात घड्याळ चुकण्याचं कारण कित्येकदा बदललं, आणि दुरुस्तीची रीत तीच राहिली. त्या त्या काळातल्या चुका ओळीनं मांडून पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. घड्याळ किती चुकलं आहे, यावरून ते का चुकलं हे बहुतेक वेळा सांगता येतं.

सुरुवातीला तर घड्याळच नव्हतं. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत वीज गेल्यावर वेळ सांभाळून ठेवणारं काहीही नव्हतं. मशीन सुरू केलं की डॉस, म्हणजे तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम, आधी तारीख विचारायचा, मग वेळ. कुणी नुसतंच एंटर दाबलं, तर तो दिवस १ जानेवारी १९८०, मंगळवार, असा धरला जायचा, कारण डॉसचं पंचांग तिथूनच सुरू होतं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात आलेल्या एक्सटी मशीनवर ज्यांनी पगारपत्रकं आणि खतावण्या केल्या, त्यांच्या जुन्या फ्लॉप्यांवर त्या तारखेच्या फायली सापडायच्या. सगळं काम जणू एकाच मंगळवारी झालेलं.

१९८४ च्या आयबीएम एटीनं हे बदललं. मोटोरोलाची एक घड्याळाची चिप आणि तिला जिवंत ठेवणारी बॅटरी मशीनमध्ये आली. तेव्हापासून प्रत्येक पीसीत दोन घड्याळं असतात. एक चिपमधलं, मशीन बंद असताना चालणारं. दुसरं ऑपरेटिंग सिस्टिमचं. ते मशीन सुरू होताना चिपला एकदा वेळ विचारून घेतं आणि पुढे स्वतः मोजत राहतं. डॉसच्या काळात हे मोजणं सेकंदाला सुमारे १८.२ ठोक्यांवर चालायचं. एखाद्या प्रोग्रॅमनं ते ठोके अडवून ठेवले की घड्याळ मागे पडायचं. चिपमधल्या घड्याळाला मनगटी घड्याळातलाच क्वार्ट्झचा स्फटिक असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. स्वस्त स्फटिकात दहा लाखांमागे वीस भागांचा फरक सहज असतो. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळपास मिनीटभर. मिनिटामिनिटानं सरकणाऱ्या घड्याळात काही बिघडलेलं नसतं. त्याला कुणी बरोबर वेळ सांगितलेली नसते, इतकंच.

नव्वदच्या दशकात मुख्य गुन्हेगार ठरला सेल. ३८६ आणि ४८६ च्या पुष्कळ मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी झाळून बसवलेली असायची. ती म्हातारी झाली की पाझरायची आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेषांवर हिरवट-निळा थर चढवायची. मग घड्याळच काय, सगळा बोर्डच जायचा. पुढे रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा तीन व्होल्टचा लिथियमचा सेल रूढ झाला, सीआर २०३२. त्यातल्या २० चा अर्थ व्यास २० मिलिमीटर आणि ३२ चा अर्थ जाडी ३.२ मिलिमीटर.

हा सेल संपला की मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर सीमॉस चेकसमची, म्हणजे सेलवर जपलेली माहिती बिघडल्याची, तक्रार येते आणि खाली एफ-वन दाबा म्हणून सूचना. कितीतरी सायबर कॅफे आणि कॉम्प्युटर क्लासेसमध्ये सकाळी ओळीनं सगळ्या मशीनवर एफ-वन दाबत जाणं हा रोजच्या कामाचाच भाग होता. सेल बदलणं मात्र तसं साधं. वायर काढायची, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडायची, सॉकेटच्या कडेची पितळी पट्टी नखानं बाजूला दाबायची. सेल स्वतःच वर उसळतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, शिरायचं, तारीख-वेळ भरायची, सेव्ह करून बाहेर पडायचं. ही शेवटची पायरी गाळली की सेल नवा आणि तारीख जुनी, अशी स्थिती होते.

आपल्याकडे हा सेल लवकर संपतो, त्यालाही कारण आहे. मशीन बंद असलं तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर घड्याळाच्या चिपला पॉवर सप्लायमधून थोडी वीज मिळत राहते आणि सेलला विश्रांती मिळते. पण आपण काम संपलं की बटण बंद करतो, आणि तसं शिकवलंही जातं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर गावोगावी वीज तासन्‌तास नसायची. तेवढा सगळा वेळ भार त्या एकट्या सेलवर.

तारखेचा उपयोग लोकांनी आपापल्या परीनं केला, तोही याच काळात. तीस दिवसांपुरतं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर संपत आलं की घड्याळ महिनाभर मागे न्यायचं, ही युक्ती कॉलेजच्या पोरांना पाठ होती. उलट दिशेचीही उदाहरणं आहेत. मायकेलँजेलो हा व्हायरस ६ मार्चला जागा व्हायचा आणि सीआयएच हा २६ एप्रिलला. १९९२ आणि १९९९ मध्ये त्या दिवशी मशीनची तारीख पुढे ढकलून अनेकांनी हार्ड डिस्क वाचवल्या. सीआयएच तर काही मशीनचं बायोसच पुसून टाकायचा.

त्याच १९९९ च्या अखेरीस वायटूकेचा गाजावाजा झाला. घड्याळाच्या चिपमध्ये वर्षाचे दोनच अंक असायचे. ९९ नंतर ०० आल्यावर शतक कोणतं, हे बायोसनं ठरवायचं होतं. काही जुनी मशीन एकदम १९८० मध्ये परत गेली. पण घरगुती पीसीपुरता उपाय अगदी साधा निघाला. तारीख एकदा हातानं २००० ची घातली की बरीच मशीन पुढे सुरळीत चालली. खरं कष्टाचं काम बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होतं. त्यातला मोठा वाटा भारतातल्या, पुण्या-मुंबईतल्याही, प्रोग्रॅमरांनी उचलला.

नंतर घड्याळाला बाहेरून वेळ मिळू लागली. डेलावेअर विद्यापीठातले डेव्हिड मिल्स यांनी इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची एनटीपी ही पद्धत १९८५ मध्येच मांडली होती. निरोप जायला-यायला लागलेला वेळ मोजून तो वजा करायचा, ही तिची मेख. मिल्स २०२४ च्या जानेवारीत गेले. आजही जगातली बहुतेक यंत्रं त्यांच्याच पद्धतीनं वेळ जुळवतात. सामान्य वापरणाऱ्यापर्यंत ती पोचली २००१ च्या विंडोज एक्सपीतून. एक्सपी आठवड्यातून एकदा सर्व्हरला वेळ विचारायचा. मात्र त्यात एक अट होती. फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असेल तर एक्सपी सुरक्षेच्या कारणानं वेळ जुळवायला नकार द्यायचा. सेल संपून तारीख कित्येक वर्षं मागे गेलेल्या मशीनवर लोक 'अपडेट नाऊ' दाबत बसायचे आणि काहीच घडायचं नाही. आधी हातानं तारीख घाला, मग बटण दाबा, एवढाच उपाय होता.

इंटरनेटच्या वेळेबरोबर टाइम झोनची चूकही आली. ही सगळ्यांत फसवी. विंडोज नव्यानं टाकताना टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचाच राहून जायचा. सुरुवातीला काही कळत नसे, कारण विंडोज चिपमधली वेळ स्थानिक म्हणूनच वाचतं. आठवड्यानं इंटरनेटवरून वेळ जुळली की घड्याळ साडेतेरा तास मागे जायचं, अमेरिकेत उन्हाळा असेल तर साडेबारा. हे पंधरा तासांच्या आत बसत असल्यानं एक्सपी बिनतक्रार ते मान्य करायचा. वापरणारा पुन्हा हातानं वेळ लावायचा आणि त्याचे ईमेल समोरच्याला उद्याच्या तारखेचे मिळायचे. मुलानं सॅन होजेहून पाठवलेला लॅपटॉप वापरणाऱ्या पुण्यातल्या आईवडिलांना हा अनुभव नवा नाही. यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही नावं असलेली ओळ निवडली की प्रश्न कायमचा मिटतो.

ती एक ओळ जमायला आपल्याला अर्धं शतक लागलं होतं. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आज त्या प्रमाणवेळेतला अर्धा तासच दुरुस्ती करणाऱ्याच्या कामी येतो. घड्याळ नेमकं साडेपाच तासांनी चुकलं असेल तर जागतिक वेळ आणि स्थानिक वेळ यांची गल्लत झालेली आहे, हे लगेच कळतं. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकणाऱ्यांच्या वाट्याला हे हमखास येतं. डॉसला टाइम झोन ठाऊक नव्हता, म्हणून त्याच्या वारसानं, विंडोजनं, चिपमध्ये स्थानिक वेळ ठेवली. युनिक्सच्या घराण्यातलं लिनक्स तिथे जागतिक वेळ लिहितं. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचलं की साडेपाच तासांचा घोळ. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत स्वीकारायला लावणं, हाच इलाज.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत घड्याळ चुकणं महाग पडू लागलं आहे. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. घड्याळ मागे असेल तर बँकेचं पान उघडतच नाही. ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड तीस सेकंदांनी बदलतो आणि तो घड्याळावरूनच काढलेला असतो. विंडोजच्या डोमेनमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिन अडतं. मग लोक दोष पासवर्डला देतात, नेटला देतात, बँकेला देतात. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं निर्देश काढून सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी कार्यालयांना आपली घड्याळं राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं. नवी दिल्लीतली ही प्रयोगशाळाच आण्विक घड्याळांवर देशाची वेळ राखते. सायबर हल्ल्याचा माग काढताना दोन मशीनच्या नोंदी एकाच घड्याळावर नसतील, तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच ठरवता येत नाही.

पुढची तारीखही ठरलेली आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी यंत्रं १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर उलटी मागे जातील. लिनक्सनं २०२० मध्ये यावर तोड काढली आहे. काळजी आहे ती वर्षानुवर्षं अपडेट न झालेल्या छोट्या यंत्रांची.

तेव्हा घड्याळ चुकलेलं दिसलं की लगेच ते लावू नका. आधी ते किती चुकलं आहे ते लिहून ठेवा. वर्षच मागे गेलं असेल तर शंभर रुपयांच्या आत मिळणारा सेल बदला आणि बायोसमध्ये तारीख भरा. साडेबारा-साडेतेरा तासांचा फरक असेल तर टाइम झोन पाहा. साडेपाच तासांचा असेल तर मशीनवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आहे का ते बघा. पाच-दहा मिनिटांचाच असेल तर वेळ आपोआप जुळवण्याचं बटण चालू करा. एवढं करूनही घड्याळ चुकलं, तरच मशीन दुकानात न्या, आणि तो लिहिलेला आकडा दुकानदाराला आधी सांगा.