गिलावा गळालेले घर : अंबपालीच्या गाथांतील उपमा

वार्धक्यावरील कवितेत वार्धक्य बहुधा बाहेरून येते. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात जरा वाघिणीसारखी दटावीत उभी राहते. माणूस एकीकडे आणि जरा दुसरीकडे, असा तो सामना असतो. जी बदलली ती व्यक्ती आपणच आहोत, आणि तिला आता कशाची उपमा द्यावी हे आपल्याला ठाऊक नाही, ही खरी अडचण अशा रूपकात उरत नाही. थेरीगाथेत अंबपालीच्या नावावर असलेल्या 19 गाथा मात्र याच अडचणीतून निर्माण झाल्या आहेत.

अंबपाली ही वैशालीची गणिका. बुद्धाला भोजन देण्याचा मान लिच्छवींनी मोठे धन देऊ केले तरी तिने सोडला नाही आणि पुढे आपली आमराई संघाला दिली, ही कथा महापरिनिब्बानसुत्तात आहे. नंतर ती भिक्षुणी झाली, असे परंपरा सांगते. गाथा तिने स्वतः रचल्या की तिच्या मुखी घातल्या गेल्या, हा वाद येथे बाजूस ठेवला तरी चालेल. गाथांतून बोलणारी स्त्री तीच आहे.

रचना अगदी साधी आहे. प्रत्येक गाथेत एक अवयव. प्रथम तो कसा होता, मग जरेमुळे तो कसा झाला, आणि शेवटी सत्यवादी बुद्धाचे वचन अन्यथा होत नाही या अर्थाचे पालुपद. केसांपासून पायांपर्यंतचा हा क्रम संस्कृत कवींनी मानवी नायिकेसाठी रूढ केलेल्या वर्णनाचाच क्रम होय. वृत्त रथोद्धता आहे. याच वृत्तात पुढे कालिदासाने कुमारसंभवाच्या आठव्या सर्गात शिवपार्वतींचा विलास गायिला. म्हणजे साचा शृंगाराचा आणि त्यात ओतलेला ऐवज जरेचा.

तरुणपणीची उपमाने पाहावीत. केस भुंग्यासारखे काळे, मस्तक सुगंधी करंड्यासारखे, भिवया चिताऱ्याने रेखल्यासारख्या, डोळे रत्नांसारखे, कानाच्या पाळ्या घडीव कंकणांसारख्या, मान उजळ शंखासारखी, देह घासून लख्ख केलेल्या सोन्याच्या फळीसारखा. ही सारी उपमाने परिचित आहेत. पण त्यांतील कितीतरी कारागिराच्या हातची, मोल ठरवून घ्यावयाची आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. गणिकेने आपली जी प्रतिमा जपली ती पाहणाऱ्याने, आणि मोल देणाऱ्याने, तिला दिलेली होती.

जरेच्या बाजूची उपमाने याहून सर्वस्वी निराळी आहेत. केस आता तागाच्या वाखासारखे, मस्तकाला सशाच्या लोमांचा वास, हात मुळांसारखे, स्तन पाणी नसलेल्या पखालीसारखे, मांड्या वेळूच्या नळ्या, पोटऱ्या तिळाच्या वाळक्या काड्या. ही उपमाने शेताबांधावरून आणि परसातून आलेली आहेत. प्रशस्तिकाराच्या पोतडीत ती सापडली नसती. ती बोलणारीनेच शोधलेली दिसतात. म्हणूनच ती अधिक नेमकी आहेत. भुंग्यासारखे केस कोणाही नायिकेचे असू शकतात. वाखासारखे केस हात लावून पाहिल्याखेरीज सुचत नाहीत. काही ठिकाणी तर उपमा देण्याचेच थांबते. डोळे शोभत नाहीत, एवढेच सांगितले जाते. एके काळी वनातल्या कोकिळेसारखा असलेला आवाज आता जागोजाग अडखळतो. आणि केस विरळ झाले तेही जागोजागच. दोहोंसाठी पालीत शब्द एकच आहे.

या गाथांना केवळ अनित्यतेचे प्रवचन मानण्याची रीत आहे. पालुपद त्यास आधारही देते. परंतु वचन बुद्धाचे असले तरी साक्ष तिच्या देहाची आहे, आणि ही साक्ष देताना ती पूर्वीच्या रूपाला खोटे म्हणत नाही. ते तसे होते, असे भूतकाळात पण निःशंकपणे सांगते. आत्मदयेचा स्वर कोठेच लागत नाही. सिल्व्हिया प्लाथच्या 1961 साली लिहिलेल्या ‘मिरर’ या कवितेत आरसाच बोलतो. त्यात पाहणारी स्त्री रडते, आणि तिचे वार्धक्य एखाद्या भयंकर माशासारखे तिच्याकडे वर येत राहते. अंबपालीजवळ आरसा नाही. ती स्वतःच पाहते आणि स्वतःच सांगते.

जरेला ती शत्रूही करीत नाही. पहिल्या 18 गाथांपैकी बहुतेकांत हा शब्द तृतीया विभक्तीत येतो: जरेने, जरेमुळे. जरा तेथे कर्ता नाही, केवळ कारण आहे. शेवटच्या गाथेत विभक्ती गळते आणि शब्द समासात शिरतो: जरेचे घर. या गाथेत तारुण्याच्या बाजूचे उपमानच नाही. देह म्हणजे गिलावा गळून पडलेले जुने घर, अनेक दुःखांचे निवासस्थान, असे ती म्हणते. चिताऱ्याची रेघ आणि सोन्याची फळी बाहेरून पाहावयाच्या वस्तू होत्या. घरात राहावे लागते. धम्मपदात घर बांधणाऱ्याला उद्देशून जी प्रसिद्ध गाथा आहे तीत घराच्या तुळया मोडल्या आहेत आणि आढे कोसळले आहे. अंबपालीचे घर अजून उभे आहे. गिलावा तेवढा पडला आहे.