ब्राह्मी आणि म्हातारपणची स्मरणशक्ति

ब्राह्मी या एकाच नांवानें बाजारांत दोन वनस्पति विकल्या जातात. दोन जमिनींस एकच सर्व्हे नंबर पडावा, तसा हा घोळ आहे. एक गोलसर, दातेरी पानांची मंडूकपर्णी. दुसरी लहान, मांसल पानांची, ओलीवर पसरणारी जलब्राह्मी. ज्या बॅकोसाइड द्रव्यांचा स्मृतीशीं संबंध सांगतात, तीं या दुसरींत असतात. रोप घेतांना हें आधीं पाहावें.

गुण किती? सन २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका प्रयोगांत ६५ वर्षांवरील ५४ जण होते. रोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे घेणारांस ऐकलेले शब्द मागाहून अधिक आठवले. एवढ्यावरून स्मृतिभ्रंश टळतो असें मात्र ठरत नाहीं. गिंको झाडाच्या अर्काचा ३,०६९ वृद्धांवर सुमारें ६ वर्षें चाललेला प्रयोग त्या कामीं निष्फळच ठरला.

आतां शेतकऱ्याच्या हातची गोष्ट. जलब्राह्मी पाण्यांतील शिसें, कॅडमियम असे विषारी धातु शोषून आपल्या अंगांत सांठविते. म्हणून गटाराकांठची फुकटची ब्राह्मी कापून विकणें आम्हांस अगदीं नापसंत आहे. वडीलधाऱ्यांस द्यावयाची तर विहिरीच्या स्वच्छ पाण्यावर वाफ्यांत वाढविलेलीच द्यावी. त्यांस दुसरीं औषधें चालू असल्यास डॉक्टरांस आधीं विचारावें.