आटलेले तेल

न्यू जर्सीतल्या आमच्या शेजारीणबाईंच्या यजमानांमागे उरले ते दुकानातले शीतपेयाच्या जाहिरातीचे जुने विजेचे घड्याळ. परवा तेही घरघरून थांबले. बाई म्हणाल्या, "आता टाकूनच द्या!"

मी आधी वीज तोडली, मग मागचे झाकण उघडले. बॉस्टनच्या विजेला १९१६ साली घड्याळाची शिस्त लावणाऱ्या हेन्री वॉरन यांच्या धर्तीची मोटर. सेकंदाला ६० आवर्तनांशी पाऊल जुळवणारी. तारेचे वेटोळे शाबूत होते. चाकांच्या बंद डबीतले तेल तेवढे आटले होते. डबीला बारीक भोक पाडून दोन थेंब तेल सोडले आणि डाख देऊन भोक बुजवले.

सेकंदकाटा सरकू लागला. सहा वाजले तशा बाई नकळत उठल्या. म्हणाल्या, "दुकान बंद करायची वेळ झाली!"