निकाल ते प्रवेश: अधांतरी काळाचा ताण

वैद्यकीय प्रवेशाच्या ताणाची चर्चा महाराष्ट्रात बहुधा ‘नीट’ या राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेपाशीच थांबते; परंतु निकाल लागल्यापासून महाविद्यालयात नाव नोंदवले जाईपर्यंत जे आठवडे, कधी महिने जातात, त्यांतला ताण वेगळ्या प्रकारचा आणि अनेकदा अधिक जाचक असतो. अभ्यासाच्या काळात कष्ट असले तरी आणखी दोन तास बसून धडा पुरा करता येतो. निकालानंतर मात्र हाती फारसे काही उरत नाही आणि आपली जागा इतर हजारोंच्या गुणांवर व पसंतीवर ठरणार, हे विद्यार्थ्याला पुरते कळलेले असते.

720 गुणांच्या या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जातो, म्हणजे एका चुकीने पाच गुणांचे अंतर पडते. 2024 साली 23 लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेला बसले असताना एवढ्या अंतराने राष्ट्रीय क्रमांक हजारोंनी मागे जाऊ शकतो. त्यात गेल्या वर्षीच्या कट-ऑफचा, म्हणजे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याच्या गुणांचा, आधार धरावा तर तोही टिकत नाही. 2024 च्या सुधारित निकालात 17 जणांना पैकीच्या पैकी गुण होते, तर 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण 686 होते. अशा वेळी ‘इतक्या गुणांना मिळेल का?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाला विद्यार्थ्याकडे प्रामाणिक उत्तरच नसते.

शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्रीय समिती भरते आणि उरलेल्या 85 टक्के राज्याचा सीईटी कक्ष भरतो, त्यामुळे दोन्हीकडची वेळापत्रके एकाच वेळी सांभाळावी लागतात. पसंतीक्रम भरणे ही वरवर साधी कृती. पण मिळालेली जागा कायम राखली तर पुढील फेरीतील चांगली संधी जाते, आणि पुढील फेरीची वाट पाहायची तर अनिश्चितता लांबते. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांवर याखेरीज जात वैधता प्रमाणपत्राचे ओझे असते. जातीचा दाखला खरा असल्याचे पडताळणी समितीने दिलेले हे प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्यास उत्तम गुण असूनही राखीव जागेवरचा हक्क धोक्यात येतो. पूर्वजांच्या जुन्या नोंदींसाठी तहसील आणि शाळेत खेटे घालणाऱ्या कुटुंबाला हा ताण गुणांपेक्षाही मोठा वाटला तर नवल नाही, आणि तो प्रशासनाला सर्वांत सहज कमी करता येण्याजोगा आहे.

नियम अधूनमधून बदलतात, हेही खरे. महाराष्ट्रात 70 टक्के जागा त्या-त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी ठेवणारी 70:30 पद्धत सप्टेंबर 2020 मध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या परीक्षेच्या तोंडावर, रद्द झाली. मराठवाड्याच्या दृष्टीने तो निर्णय स्वागतार्ह होता. तरीही जुन्या नियमाच्या भरवशावर हिशेब मांडून बसलेल्यांची गणिते त्याने उलटीपालटी केली.

शेवटच्या फेऱ्यांत मग सर्वांत अवघड निवड समोर येते: खासगी महाविद्यालयाचे भरमसाट शुल्क, दंतवैद्यक वा आयुर्वेदाची जागा, की वर्ष थांबून पुन्हा ‘नीट’. कर्जाचा, घरातील धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा आणि मुलाच्या थकलेल्या मनाचा विचार एकत्र करून हा निर्णय घ्यायचा असतो, आणि त्यासाठी प्रवेशाच्या वेळापत्रकात मोजके दिवसच ठेवलेले असतात.