कोयत्याच्या हिशेबाबाहेर

गेल्या माघात, कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रात्री नऊच्या सुमारास खोळंबलेल्या बैलगाड्यांच्या रांगेत, उसाच्या मोळ्यांवर गाढ झोपी गेलेला एक मुलगा आणि त्याच्या उशाशी बांधलेले शाळेचे दप्तर माझ्या दृष्टीस पडले. आणि ते दप्तर येथे कोण उघडीत असेल, या विचाराने अस्वस्थ होऊन दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी ऊसतोड मजुरांच्या तळावर गेलो.

तेथे पाचटाच्या कोपींमधल्या मोकळ्या जागेत एक निवृत्त शिक्षिका आणि जवळच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थी, कोणाच्या हुकुमावाचून आणि वेतनावाचून, रोज दोन तास अभ्यासवर्ग चालवितात. पोती अंथरणे, हजेरी, पाढे, वाचन हा क्रम नेहमीचाच. "पाच महिने हो," बाई म्हणाल्या. "दिवाळीला येतात, पाडव्याला जातात. पाच महिने पुस्तक मिटलं, की पुन्हा वर्गात बसायला पोर लाजतं. आणि मग शाळेचं नावच घेत नाही."

बीड, जालना, परभणीकडून येणाऱ्या या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल काय, तिची फेड काय, सारा व्यवहार या कोयत्यावर चालतो, आणि त्यात मुलांचा रकाना नसतो. वस्तुतः 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचा शिक्षणाचा अधिकार मान्य केला आहे, शाळा बदलताना दाखल्याला विलंब झाला म्हणून प्रवेश अडवू नये, असेही त्यात नमूद आहे. परंतु आई पहाटेच फडावर गेल्यावर तान्हे भावंड जिच्या कडेवर येते, त्या मुलीने दाखला हाती असला तरी दिवसाची शाळा गाठावी कशी? तिच्यापुरती सायंकाळचे हे दोन तास हीच शाळा, असे माझे मत झाले आहे.

अशीच एक नऊ-दहा वर्षांची मुलगी, बीडकडच्या एका लमाण तांड्यावरची, कडेवरच्या भावाला सावरीत एका हाताने पाटीवर लिहीत होती. बाईंनी 'आई' लिहावयास सांगितले. तिने क्षणभर थांबून 'याडी' असे लिहिले. घरी गोरमाटी बोलणाऱ्या त्या लेकराच्या लेखी आईचे नाव तेच होते. असा शब्द चूक ठरवून पुसून टाकणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्याबरोबर पुसले जाणारे मुलांचे चेहरेही पाहिले आहेत. बाईंनी तो शब्द तसाच राखला, शेजारी स्वतःच्या हाताने 'आई' लिहिले, आणि साऱ्या वर्गाकडून दोन्ही शब्द मोठ्याने वाचून घेतले. कारखान्याकडून येणारा मळीचा उग्र, आंबूस दर्प त्या वेळी हवेत दाटला होता. आजही तो वास कोठे आला, की ती पाटी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते.

पाडव्याच्या सुमारास मी पुन्हा गेलो, तेव्हा कोपी मोडल्या जात होत्या. या पाच महिन्यांत कोणी काय वाचले, कोणाचे कितीपर्यंत पाढे झाले, याची नोंद केलेला एकेक कागद बाई गावच्या गुरुजींसाठी पाकिटात घालीत होत्या. "तुझ्या शाळेचं नाव काय गं?" असे विचारताच ती मुलगी गोंधळली, तिला आठवले ते तांड्याचे नाव आणि गुरुजींचे आडनाव, एवढेच. बाईंनी पाकिटावर तेवढेच लिहिले, ते तिच्या दप्तरात ठेवले, आणि भाऊ कडेवर होता म्हणून दप्तराचा बंद त्यांनीच बांधून दिला.