कुंडल रोडचा नांगर कारखाना

मराठी मुलखात ट्रॅक्टर दिसू लागण्याआधी लोखंडी नांगर आला, आणि तोही रेल्वे स्थानकाला खेटून उभ्या राहिलेल्या कारखान्यातून. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) बेळगावात सायकली विकत. पुढे ते कडबा कापायची यंत्रे आणि नांगर करू लागले. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकालगतचा माळ दिला, भांडवलासाठी कर्जही दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. माळ कसला, निवडुंग आणि साप यांचेच ते राज्य!

ही जागा हेरण्यात खरी मेख होती रुळांची. पुणे–मिरज ही तेव्हाची मीटरगेज लाइन दाराशी होती. ओतकामाला लागणारे बिडाचे लोखंड आणि कोळसा याच वाटेने यायचा, तयार नांगर याच वाटेने जायचे. पुढे स्थानकालाच कारखान्याच्या गावाचे नाव मिळाले.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरानंतर पाण्याचे पंप आले. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना पुण्याजवळच्या खडकीत, पुन्हा रेल्वेच्याच कडेने निघाला. प्रत्यक्ष ट्रॅक्टरच्या कारखान्यासाठी महाराष्ट्राला १९६३ साल उजाडावे लागले: त्या वर्षी स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा कारखाना मुंबईत कांदिवलीला झाला.