शेंद्र्याची स्कोडा, रॅलीची फाबिया

जालना रोडने चिकलठाणा मागे पडलं की थोड्या वेळात शेंद्रा एमआयडीसी लागते. स्कोडाच्या गाड्या २००१ पासून इथे जुळवल्या जातात. ऑक्टाव्हिया, सुपर्ब, कोडियाक इथूनच देशभर गेल्या. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात ही घरची गाडी. पण तिच्या शर्यतींचा विषय निघाला की ऐकीव गोष्टी फार आणि खरी माहिती थोडी, असं होतं.

‘मोठी डिकी, ऐसपैस सीट, साहेबलोकांची गाडी, हिचा शर्यतींशी काय संबंध?’ हे नेहमी ऐकू येतं. संबंध कंपनीच्या जन्माइतकाच जुना आहे. व्हाक्लाव्ह लॉरिन आणि व्हाक्लाव्ह क्लेमेंट या दोघांनी १८९५ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या म्लाडा बोलेस्लाव्ह गावी सायकलींचा धंदा सुरू केला. १९०१ मध्ये त्यांची मोटारसायकल पॅरिस–बर्लिन शर्यतीत धावली. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या दूर्दांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत त्यांचा स्वार व्हाक्लाव्ह वोंद्रिख जिंकला. पुढे साम्यवादी राजवटीत पैसा तुटपुंजा आणि इंजिन जेमतेम १३०० सीसीचं. तरीही १३० आरएस या गाडीने १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत आपल्या वर्गात पहिले दोन क्रमांक पटकावले आणि १९८१ मध्ये युरोपियन टुरिंग कार स्पर्धेत कंपनीला उत्पादकांचं विजेतेपद मिळवून दिलं. मला या संघाचं मोल वाटतं ते या काळामुळे.

याच्या अगदी उलट बोलणारेही भेटतात: स्कोडाने म्हणे जागतिक रॅली गाजवली. जागतिक अजिंक्यपदाच्या सर्वोच्च गटात कंपनी १९९९ ते २००५ उतरली, पण एकही रॅली जिंकली नाही. आर्मिन श्वार्त्झने २००१ च्या सफारी रॅलीत ऑक्टाव्हियावर मिळवलेला तिसरा क्रमांक हीच तिथली सर्वोत्तम कामगिरी. पुढचं यश आलं ते त्याखालच्या गटांत, आणि ते भरभरून आलं.

आपल्याकडे सगळ्यांत आवडीने सांगितला जाणारा समज म्हणजे रॅलीतली फाबिया इथलीच. तसं नाही. शर्यतीच्या गाड्या म्लाडा बोलेस्लाव्हच्या मोटरस्पोर्ट विभागात वेगळ्या, हाताने बांधल्या जातात. आपल्याकडे विकली गेलेली फाबिया पुढच्या चाकांवर चालणारी. रॅलीची फाबिया आर-फाइव्ह चारही चाकांवर ओढते. १.६ लिटरचं टर्बो इंजिन, आत पोलादी पाइपांचा पिंजरा, मागची सीट गायब, वजन किमान १२३० किलो. दोन टप्प्यांच्या मधे सर्व्हिसला ठरावीक मिनिटंच मिळतात आणि तेवढ्यात मेकॅनिक अख्खा गिअरबॉक्स बदलून गाडी परत रस्त्यावर सोडतात. शेंद्र्याच्या लाइनवर काम केलेल्या कुणालाही या कामाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

‘असल्या गाड्या गोऱ्यांनीच चालवायच्या’ हे तर साफ खोटं. दिल्लीचा गौरव गिल रॅलीच्या फाबियांवर आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद तीन वेळा जिंकला: २०१३, २०१६ आणि २०१७. २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटरस्पोर्टमधल्या खेळाडूला मिळालेला तो पहिला अर्जुन. त्याची गाडी स्कोडाची, पण संघ उभा केला होता चेन्नईच्या एमआरएफने. टायर त्यांचे, आणि खडीवर, चिखलात त्या टायरांचा कस लागावा हा हेतूही त्यांचा.

आणि एकटा गौरव जिंकला असंही समजू नये. २०१३ मध्ये शेजारच्या सीटवर सहचालक म्हणून ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅकनील होता. रॅलीत सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. एकेक गाडी ठरावीक अंतराने निघते आणि झुंज असते ती घड्याळाशी. शर्यतीआधी दोघे जण तिचा रस्ता सावकाश फिरून पाहतात आणि वळणावळणाच्या नोंदी वहीत उतरवतात. शर्यतीत सहचालक तीच वही वाचतो, अंतर आणि वळणाच्या तीव्रतेचे आकडे: ‘शंभर, डावी चार, चढ, पुढे उजवी दोन, कापू नको.’ चढापलीकडचं वळण चालकाला दिसत नसतं. तो त्या आवाजावर विसंबून गाडी टाकतो. एक ओळ चुकली की गाडी दरीत.

म्हणून ‘समृद्धीवर एकशे साठने नेतो, मीही रेसरच’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तिथे ना वही असते, ना पिंजरा, ना समोरचा रस्ता बंद. आणि रस्ता बंद असूनही काय घडतं तेही पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात रॅलीच्या बंद रस्त्यावर मोटारसायकल आली, गौरव गिलच्याच गाडीशी धडक झाली आणि एकाच कुटुंबातले तिघे गेले. देशातला सर्वांत तरबेज चालकही तिथे काही करू शकला नाही.

‘आपल्याकडे ट्रॅक नाही, मग पोरांनी काय करावं?’ रॅलीला ट्रॅक लागतच नाही. चिकमगळूरच्या कॉफीमळ्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर आशिया-पॅसिफिकची फेरी झाली आहे, नाशिकला राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत. पुण्याचे संजय टकले रॅली करत करत २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या डकार क्लासिकपर्यंत पोहोचले आणि ती पूर्ण करून आले. ज्याला उतरायचंय त्याने मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय फेडरेशनचं लायसन्स काढावं, आणि पहिल्या रॅलीला शक्यतो सहचालकाच्या सीटवर बसावं. मेकॅनिक म्हणून संघात शिरणं हाही रस्ता आहेच, आणि शेंद्रा-वाळूजच्या पोरांच्या हातात ते काम आधीपासूनच आहे.